मसुद्यावर सही करताना

२०२०च्या जूनमध्ये महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलांची शाळा सुरू झाली ती मोबाइलच्या पडद्यावर. आतल्या खोलीत मुलीचा गणिताचा तास, बाहेर वडिलांची ऑफिसची बैठक, आणि दोन्ही गूगल मीटवर. ब्राउझर उघडायचा, लिंकवर बोट ठेवायचे, की समोरच्याचा चेहरा दिसायचा. ब्राउझरमधून आवाज आणि चित्र थेट पाठवण्याच्या या सोयीचे नाव वेबआरटीसी. त्या वर्षी कोट्यवधी लोकांचे शिक्षण, नोकरीच्या मुलाखती, डॉक्टरांचे सल्ले तिच्यावर चालले, आणि दूरच्या नातेवाइकांना शेवटचे पाहण्याचीही तीच एक वाट उरली होती.

त्या जूनमध्ये वेबआरटीसीचे मानक पूर्ण झालेले नव्हते. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने त्याला अंतिम शिफारशीचा दर्जा दिला तो २६ जानेवारी २०२१ रोजी. इंटरनेटची मानके घडवणाऱ्या आयईटीएफकडे त्याच्याशी निगडित दस्तऐवजांचा मोठा गठ्ठा होता. एकाचा संदर्भ दुसऱ्यात आणि दुसऱ्याचा तिसऱ्यात, त्यामुळे एक अडला की सगळे अडायचे. तो गठ्ठाही त्याच महिन्यात मोकळा झाला. ही सोय क्रोम आणि फायरफॉक्समध्ये २०१३ पासून चालत होती. म्हणजे कोणीतरी, कुठल्यातरी बैठकीत, मानक मसुद्याच्या अवस्थेत असताना तिला मंजुरी दिली होती. ‘आधी मानक पूर्ण होऊ द्या, मग बघू’ असे त्या टेबलावर ठरले असते, तर टाळेबंदीत आपल्या हाती काय उरले असते याची कल्पना करवत नाही.

हे पुस्तक त्या सहीबद्दल आहे. स्वतःच्या ताब्यात नसलेल्या आणि अजून पक्क्या न झालेल्या मानकावर आधारलेला प्रकल्प मंजुरीसाठी समोर आला, तर मंजुरी देणाऱ्याने काय पाहावे? आपल्याकडे सॉफ्टवेअरचे प्रचंड काम होते, पण हा प्रश्न ‘रिस्क’ नावाच्या रकान्यात एका ओळीत उरकला जातो. ‘मानक मसुदा अवस्थेत आहे, परिणाम मध्यम’ असे लिहिले की पुढचा विषय. ही ओळ वाचून होकार देणारा आणि नकार देणारा, दोघेही अंदाजानेच चाललेले असतात.

नकार देणाऱ्याची बाजू जबाबदारीची वाटते, म्हणून आधी तिच्याकडे पाहू. मानक आपोआप पिकत नाही. आयईटीएफमध्ये संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९९२ साली मांडलेली भूमिका आजही प्रमाण मानली जाते: मतदानापेक्षा ढोबळ सहमती आणि चालून दाखवलेला कोड महत्त्वाचा. डब्ल्यूथ्रीसीच्या प्रक्रियेत तर एक टप्पाच असा आहे की तिथे मसुदा लोकांपुढे ठेवून ‘आता हे बांधून दाखवा’ असे सांगितले जाते. वेगवेगळ्या लोकांनी स्वतंत्रपणे बांधून पाहिल्याशिवाय तो पुढे सरकत नाही. ब्राउझरमध्येच डेटा साठवण्याच्या वेब एसक्यूएल डेटाबेस या सोयीचे मानक नेमके इथेच अडले. ते ज्यांनी ज्यांनी बांधले त्या सर्वांनी आत एसक्यूलाइट हेच एक इंजिन वापरले होते. दुसरी स्वतंत्र अंमलबजावणी आलीच नाही आणि नोव्हेंबर २०१०मध्ये डब्ल्यूथ्रीसीने काम थांबवले. सगळेच वाट पाहत बसले, तर मानकाचा कागद कागदच राहतो. पूर्ण होण्यासाठी त्याला कोणाचा तरी अपुऱ्या अवस्थेतला होकार लागतो.

पण वेब एसक्यूएलवर विसंबून ज्यांनी ॲप बांधली, त्यांचे काय झाले? मानकाचे काम थांबल्यावरही ही सोय ब्राउझरमध्ये रेंगाळत राहिली, तेराएक वर्षांनी क्रोमनेही ती काढून टाकली, आणि मधल्या काळात ज्याला त्याला आपापला डेटा दुसरीकडे हलवावा लागला. तेव्हा होकार देणाऱ्यालाही मोकळे सोडता येत नाही.

‘अपूर्ण’ हा शिक्का सगळ्या मसुद्यांवर सारखाच उमटतो, पण आतली अवस्था फार वेगळी असू शकते. जावा या प्रोग्रामिंग भाषेचे उदाहरण घ्या. तिचा जेडीके ११ हा संच सप्टेंबर २०१८मध्ये प्रसिद्ध होणार होता, आणि त्यात नवे काही घेण्याची मुदत जूनअखेर संपत होती. वेबवरची संभाषणे सुरक्षित ठेवणाऱ्या टीएलएसची नवी १.३ आवृत्ती त्यात घालायची होती, पण तिचे मानक, आरएफसी ८४४६, प्रसिद्ध झाले १० ऑगस्टला. तारखांकडेच पाहिले असते तर उत्तर ‘नाही’ असे आले असते. प्रत्यक्षात चार वर्षांच्या चर्चेनंतर आणि अठ्ठावीस मसुद्यांनंतर आयईटीएफच्या सुकाणू समितीने त्या मजकुराला मार्चमध्येच मान्यता दिली होती आणि उरले होते ते मुख्यतः संपादनाचे काम. उलट बाजूला जेडीके ११ ही दीर्घकाळ वापरात राहणारी आवृत्ती होती आणि तशी पुढची आवृत्ती थेट २०२१मध्ये आली. तो जून चुकला असता तर बँका आणि सरकारी खात्यांसारख्या सावकाश बदलणाऱ्या व्यवस्थांना नव्या सुरक्षेसाठी कदाचित तीन वर्षेही थांबावे लागले असते. इथला होकार मला नुसता माफ करण्याजोगा वाटत नाही, तो योग्यच होता. मसुदा कोणत्या अवस्थेत आहे, त्यातला कुठला भाग अजून वादात आहे आणि आपला प्रकल्प नेमका त्याच भागाला चिकटलेला आहे का, एवढे तीन प्रश्न विचारले तरी पुष्कळ धुके निवळते. ज्या प्रस्तावात नुसते ‘मानकानुसार’ लिहिले आहे आणि मसुद्याचा क्रमांक नाही, तो वाचायच्या आधी परत पाठवावा. आयईटीएफचा प्रत्येक मसुदा पहिल्याच पानावर बजावतो की याची मुदत जास्तीत जास्त सहा महिने आहे आणि याचा उल्लेख ‘चालू काम’ म्हणूनच करावा. ती सूचना वाचणारे फार थोडे असतात.

माझ्या मते खरा प्रश्न मात्र मानकाच्या अवस्थेचा नाही. मसुदा उद्या बदलला, तर आज आपण बाहेर सोडलेली वस्तू परत बोलावता येईल का, हा आहे. दोन यंत्रांमधले संभाषण जोडणी तुटली की संपते. उद्या दोन्ही बाजूंचे सॉफ्टवेअर बदलले की नवा नियम लागू. साठवलेला डेटा तसा संपत नाही, आणि लोकांच्या घरी गेलेले यंत्र तर आपल्या हातातच राहत नाही. मंजुरीच्या टेबलावर हे तिन्ही एकाच मापाने मोजले जातात, हे मला सर्वांत धोक्याचे वाटते.

साठवलेल्या डेटाचे दुखणे मराठी माणसाला कोणी समजावून सांगायला नको. युनिकोडमधला देवनागरी विभाग १९८८च्या इस्की या भारतीय संकेतप्रणालीवर बेतलेला होता. मराठीला लागणाऱ्या ‘ॲ’ या अक्षराला त्यात स्वतंत्र जागा नव्हती. ती मिळाली २००८मध्ये, युनिकोड ५.१ मध्ये, ०९७२ या क्रमांकावर. तोवर वर्तमानपत्रे, प्रकाशक, सरकारी कचेऱ्या काय थांबणार? कोणी ‘अ’ टंकून त्यावर नुसता चंद्र चढवला. काही संगणकांवर तो चंद्र ‘अ’वर बसेना आणि मध्येच ठिपक्यांचे वर्तुळ उमटे, म्हणून कोणी मध्ये न दिसणारे जोडचिन्ह घातले. २००८नंतर तिसरी, अधिकृत रीत आली. कागदावर तिन्ही बहुतेक सारखीच दिसतात. संगणकाच्या लेखी ती तीन वेगळी अक्षरे आहेत, कारण युनिकोडने नवे ‘ॲ’ जुन्या जोडीशी समान ठरवलेले नाही. मजकूर एकसारखा करून घेण्याची जी ठरलेली प्रक्रिया आहे, तीही ती एकत्र आणत नाही. वकिलांच्या यादीत ‘ॲड.’ शोधा. एका रीतीने टंकलेली नावे सापडतील आणि बाकीची समोर असून मिळणार नाहीत. आज मराठीत शोधयंत्र किंवा नावे जुळवण्याची व्यवस्था करणाऱ्या प्रत्येकाला हा गुंता हाताने सोडवावा लागतो. ज्यांनी त्या काळी चंद्र चढवला त्यांना मी दोष देत नाही, मराठी मजकूर थांबवून चालणारच नव्हते. दोष इतकाच की ‘ही तात्पुरती सोय आहे, नवा क्रमांक आला की जुने सगळे बदलून घ्यायचे’ हे कोणाच्या मंजुरीत लिहिलेले नव्हते. म्हणून बदलून घेण्याचे काम कोणाचेच झाले नाही.

रुपयाच्या चिन्हाची हकिगत याच्या अगदी जवळची, पण बरीच सुखाची. आयआयटी मुंबईतून पुढे आलेल्या उदय कुमार यांच्या आकृतीला केंद्रीय मंत्रिमंडळाने १५ जुलै २०१० रोजी मान्यता दिली. काही दिवसांतच असे फॉन्ट फिरू लागले, ज्यांत कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यातल्या उलट्या स्वल्पचिन्हाच्या जागी रुपया बसवलेला होता. तो फॉन्ट ज्या संगणकावर नाही तिथे किमतीआधी रुपयाऐवजी ते चिन्ह उमटे. मात्र युनिकोडने कमालीची तत्परता दाखवली आणि ऑक्टोबर २०१०मध्येच ₹ ला २०बी९ हा कायमचा क्रमांक दिला. अंतर तीन महिन्यांचेच राहिल्यामुळे फार थोड्या कागदपत्रांत ती मोडतोड उरली. ‘ॲ’च्या वाट्याला असा वेग आला नाही, आणि दोन्हींमधला फरक मुख्यतः साचलेल्या मजकुराच्या ढिगाचा आहे.

आता उलट टोक पाहू, जिथे मसुदा वापरणाऱ्यांनी परतीची वाट आधीच आखून ठेवली होती. टीएलएस १.३ च्या प्रयोगकाळात ब्राउझर आणि सर्व्हर वेगवेगळ्या मसुद्यांवर बोलत होते. दोन्ही बाजू एकाच मसुद्यावर आहेत हे कळावे, म्हणून संभाषणाच्या सुरुवातीला जो आवृत्तीचा आकडा जातो त्यात मसुद्याचा क्रमांक घालायचे ठरले. आधी ‘७एफ’ आणि पुढे क्रमांक. अठ्ठाविसावा मसुदा म्हणजे ७एफ १सी, कारण षोडशमान पद्धतीत अठ्ठावीस म्हणजे १सी. पक्क्या मानकाचा आकडा यापासून पूर्ण वेगळा, ०३०४, राखून ठेवला होता. क्रमांक जुळला नाही तर भांडण नाही, दोघेही जुन्या १.२ वर बोलत. आकडा दोनच बाइटचा होता, पण त्यामुळे एकही मसुदा पक्क्या मानकाचा वेष घेऊन फिरू शकला नाही. पक्के मानक आल्यावर मसुदे एकेक करून बंद करता आले. ब्राउझर आणि सर्व्हरमधली जोडणी सतत उघडी ठेवणाऱ्या वेबसॉकेटच्या बाबतीतही असेच घडले. डिसेंबर २०१०मध्ये त्या मसुद्यात सुरक्षेची त्रुटी दिसली, तेव्हा फायरफॉक्स आणि ऑपेराने ती सोय मुळातच बंद करून ठेवली. वर्षभराने, डिसेंबर २०११मध्ये आरएफसी ६४५५ आले. त्यात ब्राउझरकडून जाणारा मजकूर झाकून पाठवण्याची तरतूद झाली आणि आवृत्तीचा आकडा ठरला १३. पहिल्याच पक्क्या आवृत्तीचा क्रमांक १३ कसा, असे कोणाला वाटले तर त्याचे उत्तर आधीच्या मसुद्यांच्या क्रमांकांत आहे.

नाव लावले की काम झाले असे मात्र नाही. वेबपानांचे रूप ठरवणाऱ्या सीएसएसच्या मसुद्यातल्या नव्या सोयींना प्रत्येक ब्राउझर आपापली उपाधी लावत असे, आणि सफारी-क्रोमकडच्या सोयींना ‘-वेबकिट-’ ही होती. हेतू चांगला होता: ही सोय कच्ची आहे, यावर विसंबू नका. पण ती उपाधी कधी उतरणार याची तारीख नव्हती. आयफोनच्या लाटेत वेबसाइट बांधणारे फक्त वेबकिटची उपाधी लिहून मोकळे झाले. २०१२मध्ये ऑपेराने आणि पुढे फायरफॉक्सनेही दुसऱ्याच्या नावाची ती उपाधी आपल्याकडे चालवून घेतली, नाहीतर त्यांच्या वाचकांना साइट मोडकी दिसत होती. शेवटी ब्राउझरांनी नव्या सोयींसाठी ती पद्धतच सोडली आणि कच्च्या सोयी बंद खटक्यामागे ठेवायला सुरुवात केली, ज्याला हवी त्याने जाणूनबुजून चालू करावी. जावाने याच अंगाने अधिक कडक नियम केला. एचटीटीपी/२ साठीचा नवा क्लायंट २०१७च्या जेडीके ९ मध्ये आला तो ‘इन्क्युबेटर’ या नावाखाली. प्रोग्राम सुरू करताना प्रत्येक वेळी पडद्यावर इशारा उमटे. ठरावीक काळात सोय पक्की झाली नाही तर ती काढून टाकली जाईल, हे नियमातच होते. जेडीके ११ मध्ये ती पक्की झाली तेव्हा तिचे नाव मुद्दाम बदलले, म्हणजे जुन्या नावावर कोणालाही सवयीने राहता येऊ नये. वापरणाऱ्यांना त्रास झाला. पण तो एकदाच झाला आणि आधी सांगून झाला.

म्हणून मसुद्यावरच्या मंजुरीकडे मी इसारपावतीसारखे पाहतो. घराचा व्यवहार खरेदीखताआधी इसारपावतीवर होतो, आणि तिच्यात किती रक्कम गुंतली, खरेदीखत कधी, व्यवहार मोडला तर कोणी काय सोसायचे, हे सगळे लिहिलेले असते. मंजुरीच्या कागदावर हेच हवे. कुठला मसुदा, तो बदलला तर बदलाचे काम कोणाच्या अंदाजपत्रकात, फेरविचाराची तारीख कोणती, आणि मानकाचे कामच थांबले तर आपण कुठे परतणार? ‘मानक आल्यावर अद्ययावत करू’ या वाक्याला कर्ताच नाही. त्या जागी एका माणसाचे किंवा विभागाचे नाव हवे.

यंत्रांबद्दल थोडक्यात, कारण पुढे त्यांवर एक मोठे प्रकरण आहे. वाय-फायच्या ८०२.११एन मानकाला ते ठरवणाऱ्या आयईईई या संस्थेची मान्यता सप्टेंबर २००९मध्ये मिळाली. पण वाय-फाय अलायन्स या उद्योगसंघटनेने जून २००७पासूनच दुसऱ्या मसुद्यावरच्या यंत्रांना प्रमाणपत्रे देणे सुरू केले होते. त्याआधी दुकानांत ‘प्री-एन’ म्हणून मिळणाऱ्या यंत्रांचे एकमेकांशी पटेलच असे नव्हते. एका विशिष्ट मसुद्यावर बोट ठेवून ‘याच्याशी जुळणारे ते विकाऊ’ असे कोणीतरी म्हटल्यामुळे बाजार सावरला, आणि पक्के मानक त्या यंत्रांना सोबत घेऊनच आले. सिलिकॉनची चिप घरपोच गेल्यावर बदलता येत नाही. त्यामुळे इथे मसुदा गोठवण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे मंजुरीआधीच विचारावे लागते.

हे सगळे आज लिहिण्याची निकड क्वांटम संगणकांमुळे आली आहे. आजची कुलपे उघडू शकेल असे यंत्र अजून नाही. पण आज चोरून साठवलेले संभाषण उद्या उघडता येईल, म्हणून मोठ्या कंपन्यांनी थांबायचे नाकारले. क्रोमने एप्रिल २०२४मध्ये, क्रोम १२४ पासून, कायबर हे नवे कुलूप डेस्कटॉपवर सर्वांसाठी चालू केले. कायबरवर आधारलेले अमेरिकी मानक, एफआयपीएस २०३, तेव्हा मसुदाच होते. नव्या किल्लीचा सार्वजनिक भाग १,१८४ बाइटचा, त्यामुळे ब्राउझरचा पहिला निरोप एका पॅकेटमध्ये मावेना. तो एकाच पॅकेटमध्ये येणार असे धरून चाललेले काही सर्व्हर अडखळले. ऑगस्ट २०२४मध्ये पक्के मानक आले ते काही बारीक फरकांसह. बारीक असले तरी जुन्या कायबरशी त्याचे गणित जुळत नव्हते. तरीही क्रोमने नोव्हेंबरमध्ये, १३१व्या आवृत्तीत, जुने काढून नवे बसवले आणि सामान्य माणसाला त्याचा पत्ताही लागला नाही. मसुद्याला स्वतःचा वेगळा क्रमांक दिलेला होता. शिवाय नवे कुलूप एकटे न लावता जुन्या, पारखलेल्या कुलपाच्या जोडीने लावले होते. नवे फसले तरी संरक्षण पूर्वीपेक्षा खाली गेले नसते. ही काळजी नुसती कागदी नव्हती. नवी कुलपे निवडण्याच्या स्पर्धेत बरेच पुढे आलेले साइक हे दुसरे कुलूप २०२२च्या उन्हाळ्यात कास्ट्रिक आणि डेक्रू या दोघांनी साध्या संगणकाच्या एका कोरवर तासाभरात फोडले होते.

संभाषणाची कुलपे अशी बदलता येतात, म्हणून त्यांना मसुद्यावरही मंजुरी द्यावी, असे मी ठामपणे म्हणेन. सह्यांचे, म्हणजे प्रमाणपत्रांचे, प्रकरण कठीण आहे. नव्या एमएल-डीएसए पद्धतीची सर्वांत लहान सही २,४२० बाइटची, आजची प्रचलित सही ६४ बाइटची. ती ब्राउझरपर्यंत कशी न्यायची हे अजून ठरतेच आहे. जुन्या आरएसए पद्धतीला २०३०नंतर उतरती कळा आणि २०३५नंतर बंदी, हे अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकसंस्थेचे वेळापत्रक नोव्हेंबर २०२४मध्ये आले तेही मसुदा म्हणूनच. आणि याच वर्षांत आपल्याकडे घराघरांत असे वीजमीटर बसत आहेत, जे दहा वर्षे कोणी उघडणार नाही आणि ज्यांचे सॉफ्टवेअर दुरूनच बदलायचे आहे.

अशा मीटरचा प्रस्ताव समोर आला, तर आतल्या प्रत्येक कुलपाचे मानक पक्के आहे का, हे मी शेवटी विचारीन. आधी विचारीन की सॉफ्टवेअर बदलण्याचा आदेश खरा आहे हे मीटर कशावरून ओळखणार. ती सही क्वांटम संगणकाने फोडता आली, तर बाकीची कुलपे दुरून बदलण्याची वाटच शत्रूच्या हाती जाते. आणि नेमक्या या कामासाठी मानक पूर्ण आहे. हॅशवर आधारलेल्या एक्सएमएसएस आणि एलएमएस या सह्यांची आरएफसी अनुक्रमे २०१८ आणि २०१९मध्ये आली आणि ऑक्टोबर २०२०मध्ये एनआयएसटीने त्यांना मान्यता दिली. त्यांना शिस्त फार लागते. आतली प्रत्येक किल्ली एकदाच वापरायची, आणि कुठली वापरून झाली याची नोंद सही करणाऱ्याने कधीही चुकू द्यायची नाही. कारखान्यातून महिन्याकाठी एखादा बदल पाठवणाऱ्याला ही शिस्त पाळणे शक्य आहे. परतीची ही एक वाट पक्क्या मानकावर बांधून द्या, बाकीचे मसुद्यावर आणा, त्या प्रस्तावावर मी सही करीन.